झीसिसला माती सोडेना

आमच्या पेत्रोहोरी गावात माणूस एकदा पुरला की संपलं, असं होत नाही. पाच वर्षांनी त्याला पुन्हा वर काढावं लागतं. डोंगरउतारावरची एवढीशी दफनभूमी, जुन्यांनी जागा सोडली नाही तर नव्यांनी जायचं कुठं? म्हणून पाच वर्षं भरली की बायका फावडी घेऊन जातात, माती काढतात, हाडं लाल वाइनने धुतात, उन्हात वाळवतात आणि पांढऱ्या कापडात बांधून चर्चमागच्या अस्थिघरात ठेवतात. पुरुष तेवढा वेळ कुंपणाबाहेर उभे राहून सिगारेटी ओढतात आणि यंदा अक्रोड किती लागलेत यावर बोलतात. दोन-दोन लढाया बघून आलेले बाप्ये, पण या कामाला त्यांची छाती होत नाही.

हे काम लाम्ब्रिनीचं. तिला कुणी नेमलं नव्हतं. नवरा लढाईत गेलेला, अंगात ताकद, मनात भीती नाही, म्हणून एकदा तिला बोलावलं आणि मग तिच्याशिवाय कुणाचं पान हलेना. बुटकी, रुंद खांद्यांची बाई. डोक्याला काळा रुमाल, तो इतक्या वर्षांत उन्हाने तपकिरी झालेला. माती वरवरची असेपर्यंत ती फावडं चालवायची आणि मग एकदम थांबायची. पुढचं सगळं बोटांनी. कोंबडीखालून अंडं काढावं तशी हाडं काढायची, आणि काढता काढता त्या माणसाशी बोलायची. "ये गं बाई, ये वर. बघ, तुझी सून आलीय. रडतेय. मनापासून की कसं, ते तुझं तू बघ." सून रडता रडता हसायची, आणि काम पुढे सरकायचं.

तिचा एक नियम होता. मातीला हात लावण्याआधी ती सगळ्यांना कबरीभोवती उभं करायची. "याच्याबद्दल कुणाच्या पोटात काही असेल तर आत्ता सोडा. नंतर माझ्या नावानं बोंबलायचं नाही." मग प्रत्येकाने तीनदा 'माफ असो' म्हणायचं. कारण आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे की ज्याच्यावरचा राग कुणी धरून ठेवलेला असतो, त्याला माती सोडत नाही. पाच वर्षांनी उघडावं तर देह होता तसाच, अर्धवट. पाद्री हे प्रवचनात सांगत नाहीत, पण नाहीही म्हणत नाहीत. एकदा कोस्मास नावाचा एक आडमुठा म्हातारा मेलेल्या शेजाऱ्याला माफ करेना. तुतीच्या झाडावरून भांडण होतं. लाम्ब्रिनीने फावडं ठेवलं, दगडावर बसली, पिशवीतून भाकरी आणि चीज काढलं. "मी जेवते. तुझं होऊ दे," ती म्हणाली. तिची भाकरी संपायच्या आत कोस्मासने तीनदा म्हटलं, आणि शेवटच्या वेळी त्याचा आवाज फुटला. गाव हे पुष्कळ दिवस सांगत होतं.

असं गावभर माफी वसूल करत हिंडणाऱ्या लाम्ब्रिनीच्या स्वतःच्या पोटात मात्र एक गाठ होती, आणि तीही कुणापासून लपलेली नव्हती. ती गाठ म्हणजे राग होता, तिच्या सख्ख्या धाकट्या भावावर, झीसिसवर.

झीसिस खेचरांवरून लाकूड वाहायचा. शांत माणूस, मिशा मोठ्या, आवाज लहान. लाम्ब्रिनीला एकुलता एक मुलगा होता, फोटिस. त्याला जहाजावर जायचं होतं. डोंगरातल्या पोराला समुद्राचं वेड कुठून लागलं देव जाणे. आईने नको म्हटलं, रडली, ओरडली. मामाने मात्र एका पहाटे त्याची बॅग खेचरावर घातली आणि बर्फातून खालच्या बसच्या रस्त्यापर्यंत पोचवून आला. पुढच्या हिवाळ्यात ते जहाज कुठल्या परक्या समुद्रात बुडालं. माणसं सापडली नाहीत. पेत्रोहोरीतल्या प्रत्येकाची हाडं ज्या बाईने धुतली, तिला आपल्या पोराचं बोटभर हाडूक मिळालं नाही.

बातमी आली त्या दिवशी लाम्ब्रिनी भावाच्या दारात गेली आणि सगळ्या गावासमोर ओरडली, "तू नेलंस त्याला! तू खाल्लंस माझं पोर!" झीसिसने डोक्यावरची टोपी काढली आणि तसाच उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. त्यानंतर बहीण-भाऊ बोललेच नाहीत. गाव बहिणीच्या बाजूने झालं, व्हायलाच हवं होतं. चर्चमध्ये झीसिसच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहायच्या. कितीतरी वर्षं तो तसाच दोन रिकाम्या जागांच्या मधे उभा राहिला आणि मग छातीच्या दुखण्याने मेला. मरताना त्याने बहिणीला बोलावणं पाठवलं. ती गेली नाही. अंत्यविधीला दफनभूमीच्या फाटकापर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली.

आता त्याला पुरून पाच वर्षं झाली होती. त्याच्या बायकोने, अरेतीने, लाम्ब्रिनीला काही बोलावलं नाही. तिने मालामोला बोलावलं. मालामो म्हणजे लाम्ब्रिनीच्या हाताखाली काम केलेली म्हातारी, जिभेला हाड नसलेली. शुक्रवारी सकाळी बायकांनी माती काढली. दुपारच्या आत मालामो धापा टाकत लाम्ब्रिनीच्या अंगणात आली. लाम्ब्रिनी घेवडा सोलत होती.

"अगं, आहे तस्सा आहे!" मालामो म्हणाली. "कोटाची बटणंसुद्धा. मिशा आहेत! मी आयुष्यात असलं बघितलं नाही. अरेती तिथंच बसलीय, उठायचं नाव घेत नाही."

लाम्ब्रिनीचे हात थांबले.

"मला काय सांगतेस?" ती म्हणाली.

"तुला नाही तर कुणाला सांगू? आम्ही सगळ्यांनी तीनदा म्हटलं. कोस्माससुद्धा काठी टेकत आला होता, त्यानंही म्हटलं. मग राहिलं कोण?" मालामोने तिच्याकडे बघितलं, मग घेवड्याकडे बघितलं. "मी काही बोलत नाही बाई. शेंगा जून निघाल्यात तुझ्या."

बायकांनी देहावर चादर घातली होती आणि वर थोडी माती लोटली होती. रविवारी प्रार्थनेनंतर पाद्रीबाबा माफीची प्रार्थना वाचणार आणि मग झीसिसला दुसऱ्या जागी पुरणार, असं ठरलं. त्या प्रार्थनेआधी ज्याने धरून ठेवलंय त्याला ते सोडावं लागतं. हे लाम्ब्रिनीला कुणी सांगायची गरज नव्हती. गावाला तिनेच शिकवलं होतं.

पाद्री लेफ्तेरिस तिच्याकडे शनिवारी सकाळी आले. तरुण माणूस, लारिसा शहरातला, गावात येऊन दोनच वर्षं झालेली. पायऱ्या चढून दम लागला होता, तो लपवायला त्यांनी तिने डब्यांत लावलेल्या तुळशीचं कौतुक केलं.

"बसा पाद्रीबाबा," लाम्ब्रिनी म्हणाली. "कशाला आलात ते माहीत आहे. कॉफी घेऊन मग सांगा."

कॉफी झाली. पाद्रीबाबा म्हणाले, "हे बघा, मी तुम्हाला बळेच काही म्हणायला लावणार नाही. ती खालची बाजू चिकणमातीची आहे. वरच्या झऱ्याचं पाणी तिथं मुरतं. अशा जागी देह वर्षानुवर्षं राहतो. त्यात कुणाचा दोष नसतो."

"माती मला नका शिकवू. त्याच्या शेजारच्या ओळीतली त्रिसेवगेनी मी काढलीय. लख्ख निघाली होती."

"म्हणजे तुमच्यामुळेच तो अडकलाय असं तुम्हाला वाटतं?"

"वाटत नाही. माहीत आहे."

"मग सोडा ना त्याला."

लाम्ब्रिनीने कप उपडा केला. "खोटं बोलू? माझ्या तोंडून 'माफ असो' निघेल हो, जिभेला काय लागतं. पण खालून कुणी ऐकत असेल तर त्याला कळेल."

पाद्रीबाबांनी आपला कप बाजूला सारला. मग त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही त्याला इतकं बोललात, त्याने कधीच उलट उत्तर दिलं नाही का?"

"नाही," लाम्ब्रिनी म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला की पाद्रीबाबा उठले. त्यांना वाटलं आपण नको ते विचारलं. खरं तर त्यांनी नेमकं तेच विचारलं होतं.

कारण फोटिस गेला त्या पहाटे काय झालं ते जगात तीनच माणसांना माहीत होतं. त्यातला एक समुद्रात होता, एक चिकणमातीत आणि तिसरी ही. त्या पहाटे फोटिस आईचा हात धरायला वाकला होता. तिने हात मागे घेतला. रात्रभर रडून, भांडून तिच्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. ती म्हणाली, "जा! समुद्र गिळो तुला! हाडूकसुद्धा परत यायचं नाही तुझं!" खेचराचा लगाम धरून झीसिस अंगणात उभा होता. त्याने ऐकलं. "ताई," तो फक्त एवढंच म्हणाला, "असं नको." तिने दार आपटलं. पोराने दारावर एकदा थाप मारली. तिने उघडलं नाही. मग खेचराची पावलं ऐकू आली.

आमच्याकडे आईचा शाप लागतो. हे लहान पोरालाही माहीत असतं, म्हणून आया रागाच्या भरात जीभ चावतात. लाम्ब्रिनीने नाही चावली, आणि शब्दन् शब्द खरा झाला. बातमी आली तेव्हा ती भावाच्या दारात धावली ती त्याने बोलायच्या आत आपण बोलावं म्हणून. तो एक वाक्य बोलला असता तर तिला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तो बोलला नाही. त्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही. आणि तिला त्याचा राग यायचा तो खरा याचाच. हा माणूस ऐकून आहे. चर्चमध्ये दोन रिकाम्या जागांमधे उभा राहून हा माणूस ऐकून आहे. भावाला बघितलं की तिला आपटलेलं दार ऐकू यायचं. माणसाने एवढं पाहिलेल्याला कसं माफ करावं?

संध्याकाळी अरेती आली. ती लाम्ब्रिनीच्या उंबऱ्याशी आली आणि तिथंच गुडघ्यांवर बसली.

"ऊठ," लाम्ब्रिनी म्हणाली. "लोक बघतील."

"बघू देत. वन्सं, मी तुमच्या पाया पडते. लांबून म्हणा, भिंतीपलीकडून म्हणा, कसंही म्हणा. पण तेवढं म्हणा. मी बघून आलेय त्यांना. तुम्ही बघितलेलं नाही. मला डोळे मिटले की तेच दिसतं."

"नुसत्या तोंडाचं चालत नाही, अरेती."

"मग मनानं म्हणा!"

"मन काय माझ्या हातातलं आहे?"

अरेती उठली. गुडघे झटकले. इतकी वर्षं ती नणंदेशी वर मान करून बोलली नव्हती, ती आता बोलली. "काय केलं हो त्यांनी एवढं? पोर जाणारच होतं. एकटं बर्फातून गेलं असतं, म्हणून हे बरोबर गेले. त्या दिवसानंतर माझ्या घरात कुणी मोठ्यानं हसलं नाही. दर ईस्टरला घरातल्या माणसामागे एक लाल अंडं रंगवायचं, तर मला एक जास्तीचं रंगवायला लावायचे. कुणासाठी म्हणून विचारलं की उठून खेचरांकडे जायचे. एकदा मीच चिडले. म्हटलं, तुमची ताई तुम्हाला गावभर खुनी म्हणते, तुम्ही गप्प का? तर म्हणाले..." ती उंबऱ्याच्या आणखी जवळ आली. "म्हणाले, बोलू दे गं. तिच्यापाशी दुसरं काय उरलंय?"

लाम्ब्रिनीने दाराच्या चौकटीला धरलं.

"असं म्हणाला?"

"असं म्हणाले. आणि तुम्ही त्यांच्या शेवटच्या दिवशी आला नाहीत." अरेतीने डोळे पुसले आणि निघून गेली.

लाम्ब्रिनी त्या रात्री जेवली नाही. तिला वाटत आलं होतं की झीसिसचं गप्प बसणं म्हणजे तिच्या डोक्यावर धरलेली काठी. कधीही पडेल अशी. आणि तो तर तिला सावली करून उभा होता. तिच्या शापाची बदनामी तो स्वतःच्या नावावर घेऊन हिंडला, आणि तिने ती घेऊ दिली. तिला लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा इतकी लाज वाटली की अंथरुणावर एकटीनेच रुमालाने तोंड झाकून घेतलं.

रविवारी चर्च सुटल्यावर कुणी घरी गेलं नाही. सगळे दफनभूमीकडे गेले. पुरुषही या खेपेला कुंपणाच्या आत आले, अर्थात मागे मागे. मालामोने आणि आणखी दोघींनी चादरीवरची माती काढली. चादर काढली नाही. पाद्रीबाबा गळ्यात प्रार्थनेचा कापडी पट्टा घालून उभे होते. लाम्ब्रिनी गर्दीतून पुढे आली, तेव्हा लोकांनी वाट करून दिली. ती कबरीच्या काठावर गुडघे टेकून बसली, वाकली आणि चादरीखालच्या त्या आकारावर हात ठेवला. डोकं कुठं असतं ते तिला शोधावं लागलं नाही.

"झीसी," ती म्हणाली. "मला माफ कर."

कुजबुज झाली. मालामो खाली वाकून हळूच म्हणाली, "अगं, उलटं झालं. 'माफ असो' म्हणायचं. तुला द्यायचंय, मागायचं नाही."

"काय म्हणायचं ते मला कळतं, मालामो. जरा गप्प बस."

मग तिने सांगितलं. लाम्ब्रिनीचा आवाज मोठा, वाऱ्यावर मागच्या पुरुषांपर्यंत गेला. पहाट, खेचर, पोराने पुढे केलेला हात, आणि ते शब्द जसेच्या तसे. 'हाडूकसुद्धा परत यायचं नाही तुझं.' हे ऐकून एका बाईने क्रूसाची खूण केली आणि आपल्या मुलीला जवळ ओढलं. "यानं ऐकलं," लाम्ब्रिनी म्हणाली, "आणि यानं कुणाला सांगितलं नाही. याचा गुन्हा एवढाच. मी याला काय माफ करू? याच्यावर माझं काही निघतच नाही. झीसी, तू मला सोड. तू मला माफ कर. माफ कर रे मला." ती तीनदा म्हणाली.

कोस्मास म्हातारा टोपी काढून उभा होता. पाद्रीबाबांनी पुस्तक उघडलं होतं, पण ते अरेतीकडे बघत होते.

अरेती पुढे आली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "लोक त्यांच्या शेजारी उभे राहत नव्हते. माझ्या पोरींना कुणी लग्नात नाचायला बोलावत नव्हतं. आणि तुम्हाला सगळं माहीत होतं."

"होतं."

"त्यांच्याकडे माफी मागितलीत. ते देतील, ते तसलेच होते." अरेतीने मालामोच्या हातातलं फावडं घेतलं. "माझ्याकडे मागू नका."

पाद्रीबाबांनी प्रार्थना वाचली. ज्याला बांधलं आहे त्याला देवाने सोडवावं, मेलेल्याला आणि जित्यालाही, असे तिचे शब्द आहेत. त्यांनी 'जित्यालाही' हा शब्द दोनदा वाचला. मग झीसिसला वरच्या बाजूला, सिडारच्या झाडाजवळ नव्या खड्ड्यात पुरलं. पहिलं फावडंभर माती अरेतीने टाकली आणि ती लाम्ब्रिनीकडे न बघता निघून गेली.

त्या दुपारी लाम्ब्रिनी फोटिससाठी रडली. बातमी आली त्या दिवसापासून ती रडलेली नव्हती, हे तिचं तिलाच तेव्हा कळलं. इतकी वर्षं रागाने सगळी जागा अडवून ठेवली होती, दुःखाला बसायला कोपरा मिळाला नव्हता. आता ते आलं आणि घरभर पसरलं. तिला पोराचे कान आठवले, थोडे बाहेर आलेले. तिने त्याचा सदरा पेटीतून काढला, वास घेतला, कापूरगोळ्यांचाच वास आला, तरी ती तो घेऊन बसली.

गाव काही लगेच विसरलं नाही. पोटच्या पोराला शाप दिलेल्या बाईने आपल्या मेलेल्यांना हात लावू नये असं काहींना वाटलं, आणि तिला बोलावणी येईनाशी झाली. मालामो एकटीच ते काम करू लागली, आणि संध्याकाळी येऊन कुणाचं कसं निघालं ते लाम्ब्रिनीला सांगू लागली, विचारलं नाही तरी. पाद्रीबाबा म्हणाले, "आईने दिलेला शब्द आई मागे घेऊ शकते. घ्या. देव तेवढ्यासाठी थांबलाय." लाम्ब्रिनी म्हणाली, "कुठं तोंड करून घेऊ? समुद्राला का कबर असते?" ती एकदा चर्चमध्ये, मेणबत्त्यांपाशी, प्रयत्न करून आली. शब्द घशातून वर आले नाहीत. समोर कुणीच नव्हतं. लोकांच्या हाडांशी बोलायची सवय असलेली बाई ती, हवेशी बोलायला तिला जमेना.

दरवर्षी ईस्टरआधीचा मोठा उपवास सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांपुढे वाकतात. थोरला धाकट्यापुढे, सासू सुनेपुढे, पाद्री सगळ्यांपुढे. "मला माफ कर." "देव माफ करो, मीही केलं." रांग फिरत फिरत प्रत्येक जण प्रत्येकासमोर येतो. पहिल्या वर्षी लाम्ब्रिनी अरेतीसमोर आली आणि वाकली. अरेतीने मेणबत्तीकडे बघितलं. पुढची बाई आली तेव्हा ती वाकली. दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. तिसऱ्या वर्षी लाम्ब्रिनी वाकली आणि अरेती वाकली नाही, पण मेणबत्तीकडेही बघितलं नाही. लाम्ब्रिनीकडे बघितलं. डोळ्यांत काय होतं ते लाम्ब्रिनीला कळलं नाही, आणि विचारायची ती जागा नव्हती.

ईस्टर झाल्यावर एका सकाळी अरेती दारात उभी राहिली. आत आली नाही.

"त्यांना उद्या काढायचंय," ती म्हणाली. "दुसऱ्या खेपेला तीन वर्षं पुरतात, ती होत आली. मालामोचे गुडघे गेलेत."

"दुसऱ्या बायका आहेत की."

"आहेत." अरेतीने रुमालाच्या टोकाशी चाळा केला. "त्यांना तुमचा हात बरा वाटेल. मला विचाराल तर मी अजून सगळं सोडलेलं नाही, वन्सं. खोटं नाही बोलणार. रोज थोडं सोडते, एखाद्या दिवशी परत धरते. पण उद्या या."

लाम्ब्रिनी गेली. वरची माती कोरडी, भुसभुशीत होती. या खेपेला कुणाला गोळा केलं नव्हतं, दोघीच होत्या, आणि मालामो दगडावर बसून हुकूम सोडायला. लाम्ब्रिनीने फावडं ठेवलं आणि बोटांनी काढू लागली. मग तिच्या बोटांना गुळगुळीत काही लागलं, आणि तिने श्वास सोडला. झीसिस मोकळा झाला होता. मेणासारखी पिवळी, स्वच्छ हाडं. मालामो क्रूसाची खूण करत म्हणाली, "बघितलंत? माफीनं झालं!" पाद्रीबाबा मागाहून आले आणि म्हणाले, इथं पाणी साचत नाही. मालामो त्यांच्याशी वाद घालायला लागली. लाम्ब्रिनी आणि अरेतीने त्यातलं काही ऐकलं नाही.

लाम्ब्रिनीने झीसिसचं डोकं मातीतून वर काढलं आणि रिवाजाप्रमाणे अरेतीच्या हातात दिलं. अरेतीने त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं, बराच वेळ छातीशी धरलं आणि मग नणंदेच्या मांडीवर ठेवलं. घंगाळात वाइन होती. अरेती लोटीने धार धरायची, लाम्ब्रिनी बोटांनी माती सोडवायची. दोघी किती तरी वेळ नुसतं ते करत होत्या.

मग अरेती खाली बघतच म्हणाली, "पोराला सोडलंत का?"

लाम्ब्रिनीने मान हलवली. "जमत नाही गं. कुठं म्हणू? तो कुठं आहे तेच ठाऊक नाही."

"यांना सांगा."

"काय?"

"त्या दिवशी फोटिसला रस्त्यापर्यंत कुणी नेलं? यांनीच ना? बर्फातून, त्याची बॅग सांभाळून." अरेतीने लोटी पुन्हा भरून घेतली. "मग एवढा निरोप नाही नेणार? सांगा यांच्यापाशी. पोचवतील."

लाम्ब्रिनीने भावाचं ओलं डोकं दोन्ही हातांनी जवळ घेतलं. त्याच्या कपाळावरची वाइन बोटाने पुसली. मग ती म्हणाली, "झीसी, माझ्या पोराला सांग, मी तसं म्हणायला नको होतं. सांग, आईनं शब्द मागे घेतला. त्यानं थाप मारली तेव्हा मी दाराच्या आतच उभी होते म्हणावं, जागची हलले नव्हते." आणि मग ती मोठ्याने रडायला लागली, आणि अरेती तिच्या हातांवर हळूहळू वाइन ओतत राहिली.